निरनिराळ्या वाचकांसाठी ग्रंथसंग्रह कसा उभारावा आणि कसा राखावा?

आपण विचारले आहे की, एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयाची जबाबदारी नव्यानेच आपल्याकडे आली आहे, खरेदीसाठी पैसे मोजके आहेत, आणि लहान मुले, परीक्षार्थी, ज्येष्ठ वाचक व नेमाने कादंबऱ्या नेणारे सभासद या सर्वांसाठी पुस्तके कशी निवडावीत आणि कपाटे अडवून बसलेल्या जुन्या पुस्तकांचे काय करावे. मी बरीच वर्षे देवघेव आणि ग्रंथनिवड ही दोन्ही कामे केली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सुरुवात देवघेवीच्या आकड्यांपासून करू नये, असे माझे ठाम मत आहे. कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले हे आकडे सांगतात, पण जे पुस्तक आपल्याकडे नाहीच त्याच्या शोधात येऊन रिकाम्या हाताने परत गेलेल्या माणसाची नोंद त्यांत कुठेही होत नाही. आमच्याकडे कादंबऱ्यांची देवघेव सर्वांत जास्त होती, म्हणून सलग तीन वर्षे आम्ही मुख्यतः कादंबऱ्याच घेतल्या. देवघेव वाढली आणि निवड योग्य असल्याची आमची खात्री झाली. त्याच काळात मुलांचे येणे हळूहळू थांबले होते, कारण त्यांच्या कपाटात नवे काहीच येत नव्हते, आणि हे आमच्या लक्षात फार उशिरा आले. त्यानंतर मी देवघेवीच्या टेबलावर एक साधी वही ठेवली. कोणी काही मागितले आणि ते देता आले नाही, तर तारीख, विषय, मागणाऱ्याचा अंदाजे वयोगट आणि पुस्तक कशासाठी हवे होते एवढेच त्यात लिहायचे. नाव लिहायचे नाही. तीन-चार महिन्यांत ही वही खरेदीची जी दिशा दाखवते, ती प्रकाशकांच्या सूचिपत्रांतून कधीच मिळत नाही.

या नोंदींमुळे वाचकगटांकडे पाहण्याची माझी दृष्टीही बदलली. वयापेक्षा गरज हा गट पाडण्याचा अधिक खरा निकष आहे. निवृत्त गृहस्थाला मोबाईल शिकण्यासाठी सोप्या भाषेतले पुस्तक हवे असते आणि दहा वर्षांच्या मुलीला ग्रहताऱ्यांवरचे मोठ्यांचे पुस्तक हवे असते. ‘ज्येष्ठ’ आणि ‘बाल’ अशा पाट्या लावून मोकळे झालो, तर या दोघांचीही निराशा होते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ ही दोन सूत्रे एकत्र वाचावीत. पहिले खरेदी करताना उपयोगी पडते, तर दुसरे कपाटे तपासताना.

मुलांच्या विभागाला मी नेहमी झुकते माप देते. अगदी लहान मुलांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तके, त्यानंतर चित्रे जास्त आणि मजकूर कमी असलेली, मग मोठ्या टाइपातल्या छोट्या प्रकरणांच्या गोष्टी अशा पायऱ्या सलग भरलेल्या असाव्या लागतात. मधली एक पायरी रिकामी राहिली की वाचायला नुकतेच शिकलेले मूल तिथेच अडते. मालिकेतील पुस्तके घेतली तर सगळे भाग घ्यावेत आणि हरवलेला भाग लगेच भरून काढावा. ही पुस्तके लवकर झिजतात, म्हणून लोकप्रिय पुस्तकाच्या नव्या प्रतीसाठी दरवर्षी थोडी रक्कम राखून ठेवावी. फाटके पुस्तक हे ते आवडल्याचे लक्षण आहे, मुलांना रागावण्याचे कारण नव्हे. कपाटे मुलांच्या हाताला पोचतील इतक्या उंचीची असावीत आणि काही पुस्तके तरी कण्याऐवजी मुखपृष्ठ दिसेल अशी मांडावीत.

परीक्षार्थींच्या बाबतीत आवृत्तीकडे लक्ष द्यावे. अभ्यासक्रम बदलला की जुने मार्गदर्शक नुसते निरुपयोगी नव्हे, तर नुकसानकारक ठरते. ज्या पुस्तकाला सतत मागणी आहे त्याची एक प्रत वाचनकक्षातच ठेवावी.

ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांतली (१६ ते १८ पॉइंट टाइपातली) पुस्तके आणि ध्वनिपुस्तके यांची सोय संग्रहात असावी. ‘आमच्याकडे असे वाचक येत नाहीत’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे; त्यांना वाचता येईल असे काही नसते, म्हणून ते येत नाहीत. २०१३ साली झालेल्या आणि २०१६ पासून अमलात आलेल्या माराकेश करारामुळे, तो स्वीकारलेल्या देशांत अंध व दृष्टिबाधित वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती तयार करणे आणि त्या दुसऱ्या देशांतून मिळवणे सोपे झाले आहे. अशी सेवा देणाऱ्या संस्थेशी संपर्क ठेवला, तर सर्व काही स्वतः विकत घेण्याची गरज उरत नाही.

आता जुन्या पुस्तकांविषयी. अमेरिकी संशोधक रिचर्ड ट्रूसवेल यांनी १९६९ साली दाखवून दिले की, ग्रंथालयातील सुमारे ८० टक्के देवघेव साधारण २० टक्के पुस्तकांवरच चालते. म्हणून उरलेली सगळी पुस्तके काढावीत असे मात्र नाही. संदर्भग्रंथ बाहेर जात नाहीत, तरी ते बसून वाचले जातात. त्यांचा वापर मोजायचा तर ‘वाचून झाल्यावर पुस्तक टेबलावरच ठेवावे’ अशी सूचना लावून रोज संध्याकाळी टेबलांवरच्या पुस्तकांची नोंद करावी. पुस्तके बाद करताना टेक्सासमधील ग्रंथालयांसाठी १९७६ साली जोसेफ सेगल यांनी आखलेल्या पद्धतीचे निकष मला आजही उपयोगी वाटतात. मजकूर दिशाभूल करणारा आहे का, प्रत खराब झाली आहे का, अधिक चांगली नवी आवृत्ती आली आहे का, पुस्तक आपल्या वाचकांच्या उपयोगाचे उरले आहे का, आणि ते जवळपास अन्यत्र सहज मिळते का, हे प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारावेत. आरोग्य, कायदा, कर आणि संगणक या विषयांत हयगय करू नये. कालबाह्य औषधोपचार सांगणारे पुस्तक कपाटात असणे म्हणजे ग्रंथालयाने ते खरे असल्याची ग्वाही देणे होय. याउलट आपल्या परिसराचा इतिहास, स्थानिक लेखकांचे लेखन आणि पुन्हा न छापलेली पुस्तके कितीही वर्षे कोणी नेली नाहीत तरी काढू नयेत. एका ग्रंथालयात जागेच्या टंचाईपायी एका स्थानिक नियतकालिकाचे जुने अंक रद्दीत गेले; पुढे त्यांच्या शोधात एक अभ्यासक आला तेव्हा कोठेही दुसरा संच सापडला नाही. ते अंक मोजून देणाऱ्यांत मी होते आणि याची खंत मला अजून आहे.

दुरुस्तीसाठी साधी चिकटपट्टी कधीही वापरू नये. तिचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि काढताना अक्षरे घेऊन निघतो. पातळ, आम्लरहित कागद आणि पिठाची खळ हा उपाय वेळ घेतो, पण पुढे गरज पडल्यास तो जोड पाण्याने सोडवता येतो. कपाटे भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत, कारण भिंतीची ओल आधी मागच्या रांगेत शिरते आणि बुरशी दिसेपर्यंत पुस्तके गेलेली असतात.

देणगीत येणारी पुस्तके खरेदीच्याच कसोटीवर तपासावीत. ती ठेवायची की नाही हे ग्रंथालय ठरवेल, असे स्वीकारतानाच लेखी कळवावे आणि त्या कागदावर देणगीदाराची सही घ्यावी. ती सही नसल्यामुळे एका कुटुंबाने दिलेले वीस वर्षांपूर्वीच्या पाठ्यपुस्तकांचे तीन खोके आम्ही कितीतरी दिवस परतही करू शकलो नाही आणि काढूही शकलो नाही. मुलांची नवी पुस्तके तोवर जमिनीवर रचलेली होती.