दर वर्षी धूर फवारणी होते, तरी डेंग्यू का हटत नाही? लोकांनाच शिस्त नाही का?

शिस्तीचं काढलंत म्हणून लिहितोय. मी मराठवाड्यात २७ वर्षं आरोग्य सेवक होतो. शेवटची बरीचशी वर्षं लोकांच्या हौदात आणि रांजणात टॉर्च मारण्यात गेली.

एका उन्हाळ्यात आमच्या गावी नळाला नवव्या दिवशी पाणी यायचं. एका घरी न्हाणीतल्या हौदात टॉर्च मारला, तर अळ्या वळवळत होत्या. मी नेहमीचं पालुपद लावलं, "मावशी, हौद रिकामा करा, घासा, कोरडा दिवस पाळा." (कोरडा दिवस म्हटलं की गल्लीतली पोरं फिदीफिदी हसायची, ते वेगळंच.) बाई म्हणाल्या, "पाणी काल आलंय डॉक्टर. देते सांडून. टँकर तुम्ही धाडता का?"

मी गप्प. रात्री घरी येऊन आमच्याच ड्रमात टॉर्च मारला. अळ्या! बायको म्हणाली, "घ्या, आता स्वतःलाच नोटीस द्या."

हिशोब साधा आहे. उन्हाळ्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि पाणी येतं नवव्या दिवशी. हौद कधी पुरता रिकामा होतच नाही, जुन्यावरच नवं पाणी पडतं. एडिसची, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची, अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणजे नुसतं पाणी ओतून काही होत नाही, ब्रशनं खरवडावंच लागतं.

मीटिंगमध्ये साहेबांनी कारण लिहिलं, 'नागरिकांचे असहकार्य'. मी म्हटलं, पाणी कितव्या दिवशी येतं तेही लिहा. म्हणाले, "फॉर्ममध्ये तो रकाना नाही."

धूर म्हणाल तर तो फोटोपुरता. हा डास चावतो दिवसा, बसतो कपाटामागे नाहीतर खुंटीवरच्या कपड्यांत. मशीनचा आवाज आला की लोक दारं-खिडक्या लावून घेतात. अळीला तर धुरानं काहीच होत नाही.

करायचंच असेल तर पाण्याच्या पाळीच्या आदल्या संध्याकाळी, तळाला दोन तांबे उरतात तेव्हा हौद घासा. ड्रमावर जुनं धोतर ताणून बांधा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, नाहीतर आरोग्य खात्याचं अबेट हे अळ्या मारायचं औषध टाका. त्याला वास येतो म्हणून बायका नाकं मुरडतात, पण ठरल्या मापात टाकलं तर अपाय नाही. आणि ज्यांच्या सोसायटीत नळ दिवसभर वाहतो, त्यांनी फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या बघाव्यात. शिस्तीच्या गप्पा तिथे मारा.

हां, साथ असताना रुग्णाच्या घराच्या आत-बाहेर केलेल्या फवारणीचा थोडा उपयोग होतो, अगदीच नाही असं नाही. आणि ताप आला तर पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी मनानं घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

पुढच्या महिन्याच्या फॉर्मवर मी समासात पेनानं लिहिलं होतं, 'पाणी : नववा दिवस'. वरून परत आला तेव्हा त्यावर लाल रेघ होती. ती प्रत अजून माझ्याकडे आहे.