वाचक विचारतात: टाकीतले मासे मरतात का, आणि आमिषाच्या बाकी भानगडी

मागच्या वेळी मी रॉड, रीळ, दोरी यावर चांगलं पानभर लिहिलं आणि वाटलं आता प्रश्न त्याचेच येतील, तर आले सगळे आमिषाचे. बरंच झालं म्हणा. खोल पाण्यात गरवायला जाणारी माणसं रिळावर महिनोन्महिने चर्चा करतात आणि गळाला लावायचा मासा मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळी आठवतो. मोठ्या माशाला तुमचं रीळ दिसत नाही हो, त्याला तो छोटा मासा दिसतो.

प्रश्न: काका, आम्ही तिघं मित्र पहाटे सबिकी (एकाच दोरीला लावलेली बारीक गळांची माळ) टाकून पन्नासेक बांगडे आणि तारल्या पकडतो, बोटीवरची आमिषाची टाकी शंभर लिटरची आहे, पंप पण सतत चालू असतो, तरी बाहेर पोचेपर्यंत अर्धे मासे उलटे तरंगत असतात. पंप मोठा घ्यावा का?

आधी मासे कमी घ्या, पंपाचं मग बघू. ढोबळ हिशोब असा की वीतभर लांबीच्या एका माशाला चारेक लिटर पाणी लागतं, म्हणजे तुमच्या टाकीत पंचवीस झाले की हाउसफुल्ल, आणि ऊन कडक असेल तर वीसवरच थांबा कारण पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. तुम्ही दुप्पट भरताय, म्हणून अर्धे मरतायत, गणित अगदी सरळ आहे.

आता टाकीचा आकार. तुम्ही लिहिलं नाहीये पण चौकोनी असणार असं धरून चालतो. बांगड्यासारखा मासा एका जागी उभा राहून श्वास घेत नाही, तो सतत पुढे पोहत राहतो आणि त्या पोहण्यानेच कल्ल्यांतून पाणी जातं. चौकोनी टाकीत तो कोपऱ्यात जाऊन अडकतो, नाक घासतो, मागून दुसरे येऊन वर चढतात आणि खालचा गुदमरतो. म्हणून आमिषाची टाकी गोल किंवा लंबगोल पाहिजे. नवीन घेणं शक्य नसेल तर कोपऱ्यांत वाकवलेला प्लास्टिकचा पत्रा बसवा आणि आत येणाऱ्या पाण्याचं तोंड भिंतीच्या कडेने तिरकं वळवा म्हणजे पाणी हळूहळू गोल फिरायला लागतं आणि मासे त्या प्रवाहाकडे तोंड करून रांगेत पोहतात. हळूहळू म्हटलंय हां, वॉशिंग मशीन करून ठेवलीत तर पोहून पोहूनच दमतील.

पंप किती मोठा ते खोक्यावरच्या आकड्यावरून ठरवू नका, तो आकडा पाणी वर चढवायचं नसताना आणि पाइप सरळ असतानाचा असतो. दहा लिटरची बादली टाकीच्या नळाखाली धरा आणि घड्याळ लावा. एका मिनिटात भरली तर तासाला ६०० लिटर आले, म्हणजे तुमचं शंभर लिटर पाणी तासात सहा वेळा बदललं. एवढं किमान पाहिजेच, आठ वेळा झालं तर उत्तम. दोन मिनिटं लागत असतील तर मात्र पंप बदला, किंवा आधी जाळीत अडकलेला कचरा काढा, बरेचदा तेवढंच असतं.

आणि एक गंमत माझी स्वतःची. नव्या बोटीवर पंपाचं पाणी ओढायचं तोंड मी अशा जागी बसवलं होतं की बोट उभी असताना झकास पाणी यायचं आणि वेग घेतला की तिथे नुसती हवा. इंजिनाच्या आवाजात कळलंच नाही. दीड तासाने झाकण उघडलं तर तीस तारल्या पांढरं पोट वर करून पडलेल्या. त्या दिवशी दिवसभर मेलेल्या तारल्यांवर गरवलं आणि बरोबरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हापासून निघाल्यावर दर पंधरा मिनिटांनी एकदा झाकण उघडून बघतो म्हणजे बघतोच.

हातांचं राहिलं. मासा कोरड्या हातात किंवा फडक्यात धरायचा नाही. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि खवले गेले की समुद्राचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणजे बिचारा पाण्यात असून सुकतो, आणि हे लगेच दिसत नाही, तासाभराने दिसतं. वाकवलेल्या तारेच्या हुकाने गळ उलटा करायचा, मासा आपोआप टाकीत पडतो, हात लागतच नाही. हाताला सनस्क्रीन किंवा डिझेल असेल तर टाकीत हात घालायच्या आधी धुवा. मेलेला मासा दिसला की लगेच बाहेर. खायला काही घालू नका, खाल्लं की घाण करतात आणि पाण्यात अमोनिया वाढतो.

प्रश्न: आमचं उलट आहे, टाकी उत्तम, पण आत टाकायला मासेच मिळत नाहीत. तासतासभर सबिकी हलवत बसतो. जागा कशी शोधायची?

जागा शोधायची म्हणजे सावली, आधार आणि उजेड शोधायचा. खुणेचे बोये, त्यांच्या साखळ्या, बुडालेली जहाजं, खडकाची कड, जिथे प्रवाह अडतो तिथे छोटे मासे जमतात. अंधारात दिव्याखाली जमतात कारण उजेडाला आधी बारीक जीव येतात आणि त्यांना खायला हे. म्हणून उजाडायच्या आधीचा तास सोन्याचा. उजाडलं की तेच मासे खाली जातात आणि दोरी पण बघायला लागतात, मग सबिकी एक साइज बारीक घ्या.

साउंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, थवा दिसल्याशिवाय दोरी सोडू नका. थवा बारा मीटरवर असेल आणि तुम्ही तळापर्यंत सोडून मग हलवत बसलात तर तासभर काय दिवसभर काही होणार नाही. शिसं खाली जात असताना मध्येच दोरी ढिली पडली की समजा वरच्या वर घेतलंय. आणि एक मासा लागला की झटका मारून वर ओढायची घाई करू नका, तो तिथे फडफडतोय ते बघून बाकीचे उरलेल्या गळांवर येतात, चारपाच सेकंद थांबा. बरोबर थोडा चुरा सोडायचा, भिजवलेला पाव, ओट्स, त्यात माशाचं तेल, पण मूठमूठच. पोट भरलं तर गळाकडे कोण बघेल?

पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकता येत असेल तर उथळ पाण्यात त्याला तोड नाही, बोईट तर पागेनेच मिळवावेत. फक्त जाळीचा डोळा माशाच्या मानाने बघा. डोळा मोठा झाला की मासे कल्ल्यांपाशी अडकून जाळंभर लटकतात, ते सोडवताना निम्मे मरतात आणि तुमची सकाळ जाते. डोळा फार लहान घेतला तर खोल पाण्यात जाळं सावकाश बुडतं आणि मासे खालून निसटतात. पागेचा डोळा, आमिषाच्या माशांची साइज, संख्या यांचे नियम बऱ्याच ठिकाणी असतात, आमिष आहे म्हणून सूट असेल असं धरून चालू नका.

आणि तासभर झाला तरी काही नाही तर उठा. मोठ्या माशाची वेळ आमिषाच्या मागे घालवणारे मी खूप बघितलेत, त्यात मी पण आहे. बर्फात एक पाकीट मेलेलं आमिष नेहमी असू द्या.

प्रश्न: फ्रोझन आमिष घेतलं की ते पाण्यात दहा मिनिटांत पोटाशी फुटतं. दुकानदार फसवतो का?

फसवतच असेल असं नाही, पण बघून घ्या. डोळे स्वच्छ पाहिजेत, पाकिटात लाल बर्फ साचलेला नको, म्हणजे एकदा वितळून परत गोठवलंय. गोठताना माशाच्या मांसात बर्फाचे खडे होतात आणि ते मांस फाडतात, दोनदा गोठवलं की दोनदा फाडलं. पोट आधी फुटतं कारण मेल्यावर पोटातलेच पाचक रस आतून ते खायला लागतात, म्हणून पकडल्यापासून गार होईपर्यंत किती वेळ गेला यावर सगळं अवलंबून.

याचा खरा इलाज म्हणजे स्वतः तयार करणं. बादलीत बर्फ, तो बुडेल इतकंच समुद्राचं पाणी, आणि जाडं मीठ दोन-तीन मोठे वाडगे. मिठामुळे पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही आणि मासे टणक होतात. नुसत्या गोड्या पाण्याच्या बर्फात ठेवलेत तर बर्फाचं वितळलेलं पाणी माशात शिरतं, मासा फुगतो, मऊ पडतो, डोळे पांढरे होतात. मासे सरळ ठेवा, वाकडा गोठलेला मासा पाण्यात ओढला की गरगर फिरतो आणि तुमच्या दोरीला पीळ घालतो. त्याच कारणाने गळाचं टोक माशाच्या बरोबर मधल्या रेषेतून बाहेर यायला हवं. ट्रोलिंगच्या, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढायच्या, आधी बोटीच्या कडेला धरून अर्धा मिनिट ओढून बघा, फिरत असेल तर परत लावा. मेलेलं आमिष पाच ते सात नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चालतं, जिवंत ओढायचं असेल तर एक-दोन नॉट, त्याहून जास्त केलं तर तुम्ही त्याला बुडवून मारताय.

प्रश्न: दादा, मी नवीन आहे, जिवंत माशाला गळ नक्की कुठे लावायचा? प्रत्येकजण वेगळं सांगतो.

प्रत्येकजण बरोबर सांगतोय रे, तू काय करणार आहेस त्यावर आहे. बोट चालती असेल किंवा प्रवाह जोरात असेल तर नाकातून किंवा दोन्ही ओठांतून, म्हणजे तो तोंड पुढे करून पोहेल आणि श्वास घेऊ शकेल. बोट स्थिर असेल किंवा सावकाश वाहत असेल तर पाठीत, वरच्या पराच्या जरा पुढे, कण्याच्या वर, कण्याला टोचलास तर संपला. तो खोल जावा असं वाटत असेल तर मागे, खालच्या पराजवळ, मग ओढलं की तो विरुद्ध दिशेला म्हणजे खाली पळायला बघतो. सुरमईसारखे दात असलेले मासे शेपटीकडचा अर्धा भाग कापून नेतात, तिथे मागे एक छोटा तिहेरी गळ आणि बारीक तार लागते. आणि दर वीस मिनिटांनी आमिष बदल. मरगळलेला मासा पाण्यात ठेवून चमत्काराची वाट बघू नये.

प्रश्न: सर्कल गळ (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरायला लागल्यापासून मासा आमिष घेतो पण लागत नाही.

तुम्ही झटका मारताय. पैजेवर सांगतो. जुनी सवय आहे, हात ऐकत नाही. सर्कल गळ हा गिळलेला असताना ओढला की घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात वळून बसतो, त्याला झटका दिला तर तो वळायच्या आत तोंडातून बाहेर. मासा दोरी घेऊन चालू लागला की घेऊ द्या, मग ड्रॅग, म्हणजे रिळाचा दोरीवरचा ब्रेक, सावकाश चढवा आणि रीळ फिरवा, बस. दुसरं कारण म्हणजे गळ माशात इतका रुतवलेला असतो की त्याचं टोक आणि पोकळी मोकळीच राहत नाही. मोठं आमिष असेल तर दोऱ्याने किंवा छोट्या रबरबँडने गळ त्याच्या नाकाच्या बाहेर बांधा, गळ पूर्ण मोकळा राहतो आणि आमिषही जास्त वेळ जगतं. सोडायचा मासा असेल तर हाच गळ, कारण आतड्यात सहसा लागत नाही. अमेरिकेत अटलांटिकमधल्या मार्लिन-सेलफिशच्या, म्हणजे लांब चोचीच्या मोठ्या माशांच्या, स्पर्धांमध्ये नैसर्गिक आमिष लावायचं तर २००८ पासून हाच गळ सक्तीचा आहे.

प्रश्न: उरलेल्या आमिषाचं काय करावं? जिवंत आहेत ते दुसऱ्या खाडीत सोडले तर चालतील का, आणि मेलेले घरी खाल्ले तर?

जिवंत आहेत ते जिथून पकडले तिथेच सोडा, दुसरीकडे नाही, आणि विकतचं आमिष तर कुठेच नाही. माशांबरोबर रोग जातात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर १९९५ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये एका हर्पिस जातीच्या विषाणूने तिथल्या पिल्चर्डचे, म्हणजे आपल्या तारलीच्या भावंडांचे, थवेच्या थवे मारले, किनाऱ्यावर खच पडला होता. ट्यूनाला खायला घालण्यासाठी बाहेरून आणलेल्या फ्रोझन पिल्चर्डवर संशय होता, तो शेवटपर्यंत सिद्ध झाला नाही, पण गोठवलेला मासा म्हणजे निर्जंतुक मासा नव्हे एवढं त्यातून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर सकाळपासून बर्फात गच्च असलेला ठीक. पण बांगडा, तारली, कुपा या मंडळींचं मांस उन्हात राहिलं की त्यात जिवाणू हिस्टामिन तयार करतात आणि ते शिजवून जात नाही, वासही येईलच असं नाही. मग तोंड लाल, डोकं ठणकतं, अंगाला खाज. बादलीत कापून ठेवलेले तुकडे तर अजिबात नकोत. ते मीठ लावून गोठवून ठेवा, पुढच्या खेपेला चुऱ्यात कामी येतात, पाकिटावर तारीख तेवढी लिहा कारण फ्रिजरमधलं ते पाकीट कशाचं आहे हे घरच्यांनी उघडून बघितल्यावर कळलं तर पुढची खेपच रद्द होते.