वहीतला गोंधळ पुसू नकोस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

मुलांकडून दर आठवड्याला किराण्याचे भाव टिपून घ्यायचे आणि त्यावर संख्याशास्त्र शिकवायचं, हा तुझा बेत मनापासून आवडला. फक्त भावांचा तक्ता स्वतः नीटनेटका करून वर्गात नेऊ नकोस. सुरुवातीची काही वर्षं मी तसे तयार तक्ते वाटले. मुलांनी उत्तरं अचूक काढली, पण हे आकडे आले कुठून, असं एकानंही विचारलं नाही.

पहिल्याच आठवड्यात एका वस्तूचे पाच भाव येतील. कुणी सुट्या मालाचा लिहील, कुणी पाकिटाचा. कुणी छापील किंमत, कुणी सवलतीची. लगेच सरासरी काढायला लावू नकोस. कोणती वस्तू, किती वजनाची, कोणत्या वारी, हे वर्गाला भांडून ठरवू दे. अख्खा तास गेला तरी चालेल. वजनाचा रकाना मात्र हवाच. पाकिटाची किंमत तीच राहून वजन ५०० ग्रॅमचं ४५० झालं, तर किलोमागे भाव सुमारे ११ टक्क्यांनी चढलेला असतो. माल मिळाला नाही, तर रकाना कोरा ठेवायचा. तिथे शून्य लिहिलं तर वस्तू फुकट मिळाली असा अर्थ होतो.

मग सरासरीकडे ये. एका वस्तूचा भाव दुप्पट झाला, दुसरीचा निम्मा. गुणोत्तरं २ आणि ०.५, सरासरी १.२५, म्हणजे भाव २५ टक्क्यांनी वाढले. आता शेवटचा आठवडा पाया धरून उलटं मोजायला सांग. पुन्हा १.२५! जाताना महागाई आणि परत येतानाही महागाई, हे कसं? वर्ग इथे गप्प होतो. ती शांतता मोडू नकोस. इटलीचा अर्थशास्त्रज्ञ कार्ली यानं १७६४ मध्ये भावांच्या गुणोत्तरांची अशीच साधी सरासरी घेतली होती. इंग्लंडचा अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यानं १८६३ मध्ये भूमितीमध्य, म्हणजे संख्यांच्या गुणाकाराचं मूळ, वापरला. २ आणि ०.५ यांचा गुणाकार १, त्याचं वर्गमूळही १. मुलांनी स्वतः अडखळून हे शोधलं की भूमितीमध्य पाठ करावा लागत नाही.

भार, म्हणजे कोणत्या वस्तूला किती महत्त्व द्यायचं, हे शिकवताना जर्मन अर्थशास्त्रज्ञ लास्पेअर (१८७१) जुनी खरेदी धरतो आणि पाशे (१८७४) नवी, एवढं पुरे. माणसं महागलेली वस्तू कमी घेतात, मग दोघांपैकी कुणाचा निर्देशांक, म्हणजे एकूण भाववाढीचा आकडा, बहुधा जास्त येईल, हे मुलांनाच विचार.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळ. भाव आणायला सांग, घरचं बिल नको. कुणाच्या घरी किती सामान येतं, हे वर्गात उघडं पडता कामा नये. भारांसाठी सगळ्यांनी मिळून एक काल्पनिक घर रचावं. माणसं किती, काय किती लागतं, ते मुलांनीच ठरवावं.

चार आठवड्यांच्या वह्या भरल्या की मला दाखव. कोऱ्या रकान्यांसकट.

तुझा,
जुना शिक्षक