कॅनचे १९७५ पासूनचे अल्बम: रीइश्यू घ्यावेत का?

तुमचा प्रश्न असा की कॅन या जर्मन रॉक बँडचे टॅगो मॅगो, एगे बाम्यासी, फ्यूचर डेज हे आधीचे अल्बम तुमच्याकडे आहेतच, आता त्यांच्या उत्तरार्धातल्या अल्बमचे रीइश्यू (पुन्हा काढलेल्या आवृत्त्या) मिळतायत तर ते घ्यायचे की पैसे वाचवायचे. सरळ सांगतो, सगळे घेऊ नका. पण "डॅमो गेला आणि कॅन संपला" असं लोक जे छातीठोकपणे ठोकून देतात त्यावरही जाऊ नका, त्यातल्या अर्ध्यांनी हे अल्बम ऐकलेलेच नसतात.

त्यांचा गायक डॅमो सुझुकी १९७३ मध्ये बाहेर पडला हे खरंय, पण माझ्या मते मोठा फरक रेकॉर्डिंगच्या मशीनने पाडला. कोलोनजवळ वायलर्सविस्ट नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या थिएटरात भिंतींना लष्कराच्या गाद्या लावून यांनी स्टुडिओ केला होता, सगळे एकाच खोलीत बसून तासन्‌तास वाजवायचे, ते टू-ट्रॅक टेपवर (म्हणजे सगळ्यांचं वाजवणं एकत्रच) उतरायचं आणि मग बँडचा बासवाला होल्गर चुकाय टेप कापून-चिकटवून त्यातून गाणं काढायचा. एकदा टेपवर गेलं की नुसती गिटार काढून पुन्हा वाजवा वगैरे लाड नाहीत, त्यामुळे वाजवतानाच प्रत्येकाला दुसऱ्याकडे कान ठेवावा लागायचा. १९७५ च्या लँडेडपासून १६ ट्रॅकचं मशीन आलं आणि ज्याने त्याने आपापला भाग वेगळा भरायची सोय झाली. आवाज चकाचक झाला, पण ती एकमेकांत गुंतलेली वीण सैल पडली. रीमास्टरने (जुन्या टेपचा आवाज नव्याने साफ केल्याने) नेमकं हेच जास्त स्पष्ट ऐकू येतं, चांगलंही आणि वाईटही.

आता कुठला घ्यायचा. माझं मत विचाराल तर आधी सॉ डिलाइट (१९७७). यात ट्रॅफिक बँडमधून आलेले दोघं आहेत, बास गिटारवर रॉस्को जी आणि तालवाद्यांवर रीबॉप क्वाकू बा. रॉस्कोसारखा बासवाला आल्यावर चुकायने बास सोडूनच दिला आणि शॉर्टवेव्ह रेडिओ, टेप असली खटपट घेऊन बसला. लोक म्हणतात अल्बम फार गुळगुळीत आहे, असेल बुवा, पण दुसऱ्या बाजूचं ॲनिमल वेव्हज ऐका, पंधरा मिनिटांचं आहे, हेडफोन लावून ऐका. याकी लीबेत्साइट ड्रमवर एक ठेका धरतो आणि सोडतच नाही, त्यावर रीबॉपचे काँगा (हाताने वाजवायचे उंच ढोल), आणि मधेच रेडिओतून कुठलातरी गाण्याचा आवाज तरंगत येतो आणि विरून जातो. इथे स्वच्छ रीमास्टरचा खरा फायदा आहे, ड्रम आणि काँगा वेगवेगळे कळतात, एकाने सोडलेली जागा दुसरा भरतो ते कळतं. तबला-पखवाज ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे आवडायलाच पाहिजे.

दुसरा फ्लो मोशन (१९७६). त्यातलं आय वाँट मोअर चक्क डिस्को आहे आणि ब्रिटनमध्ये २६ व्या नंबरपर्यंत गेलं होतं, जुन्या चाहत्यांना ते अजून पचलेलं नाही. मला आवडतं, बिनधास्त. शेवटचं दहा मिनिटांचं टायटल ट्रॅक मात्र संथ, रेगेच्या अंगाने जाणारं आहे, त्यात मायकेल कारोलीची गिटार ऐका.

लँडेड अर्धामुर्धा आहे. हंटर्स अँड कलेक्टर्स मस्त (ऑस्ट्रेलियातल्या एका बँडने नावच त्यावरून घेतलं) आणि शेवटचं अनफिनिश्ड म्हणजे जुन्या कॅनचं भूत. मधली गाणी ठीकठाक, स्वस्तात मिळाला तर घ्या.

आउट ऑफ रीच (१९७८) वर पैसे घालू नका. चुकाय त्यात नाहीच, आणि बँडने स्वतःच हा अल्बम वाळीत टाकला होता, त्यांच्या स्पून लेबलच्या यादीत तो कितीतरी वर्षं नव्हता, फार उशिरा बाकीच्यांच्या पंगतीत बसला. स्ट्रीमिंगवर एकदा ऐका, नोव्हेंबर जरा बरं आहे, बस.

१९७९ चा, नुसतं कॅन नावाचा, थोडा विचित्र प्रकार आहे. चुकाय वाजवायला नव्हता पण एडिटिंग त्याने केलं, म्हणजे पुन्हा टेप कापणं. ऑल गेट्स ओपन सुंदर आहे. पण त्यात ओफेनबाखच्या त्या प्रसिद्ध कॅन-कॅन नाचाच्या धूनची टिंगल आहे आणि पिंग-पाँग नावाच्या तुकड्यात खरोखर टेबल टेनिसचा चेंडू टकटकतो, हा विनोद एकदाच चालतो. राइट टाइम (१९८९) मध्ये पहिला गायक माल्कम मूनी परत आला, तो सगळ्यात शेवटी घ्या.

फॉरमॅटचं म्हणाल तर स्पून आणि म्यूट या लेबलांनी २००४ ते २००६ दरम्यान मूळ टेपवरून रीमास्टर करून एसएसीडी (जास्त चांगल्या आवाजाच्या सीडी) काढल्या, त्या हायब्रिड आहेत म्हणजे साध्या सीडी प्लेअरवरही चालतात. सेकंडहँड सापडल्या तर माझ्या मते तोच शहाणा सौदा. भारतात विनाइल मागवायची तर शिपिंग आणि कस्टम्स धरून हिशोब करा, आणि एवढे पैसे एकाच रेकॉर्डवर घालायचे असतील तर डोळे झाकून सॉ डिलाइट. आणि ॲनिमल वेव्हज आवडलं नाही तर बाकीच्यांच्या नादी लागूच नका, त्याऐवजी त्याच काळातले लाइव्ह रेकॉर्डिंगचे अल्बम २०२१ पासून निघतायत, त्यातला श्टुटगार्ट १९७५ आधी ऐका, तिथे सगळे पुन्हा एकत्रच वाजवतायत.