वारसा ‘मागे सोडता’ येतो का?

प्रश्न असा आला आहे. एका वाचकाने अंकासाठी लेख लिहिला, त्यात वाक्य होतं, ‘कार्ल पर्किन्सने रॉक अँड रोल आणि कंट्री संगीतात मोठा वारसा मागे सोडला.’ संपादकांनी ‘वारसा’खाली लाल रेघ मारून समासात लिहिलं, ‘वसा?’ तर बरोबर काय? आणि जाता जाता दुसरी शंका: पर्किन्स या अमेरिकी गायक-गिटारवादकाच्या गाजलेल्या गाण्याचं नाव ‘ब्लू सुएड शूज’ लिहायचं की ‘ब्लू स्वेड शूज’?

माझ्या मते लाल रेघ चुकीच्या शब्दाखाली पडली. ‘वारसा’ राहू द्या. खटकतं ते ‘मागे सोडला’. मराठीत मागे सोडतात ते शर्यतीतल्या दुसऱ्याला. घाटात आपल्या एसटीने दोन ट्रक मागे सोडले की आपण खूश होतो. त्या हिशेबाने वारसा बिचारा धापा टाकत राहिला आणि पर्किन्स पुढे निघून गेला, असं चित्र उभं राहतं. हे क्रियापद इंग्रजी वाक्याला चिकटून आलं आहे.

गंमत म्हणजे या माणसाच्या गोष्टीत ते क्रियापद एका ठिकाणी चपखल बसतं. ‘ब्लू स्वेड शूज’ पर्किन्सने १९ डिसेंबर १९५५ला मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये ध्वनिमुद्रित केलं. पुढच्या काही महिन्यांत ते पॉप, कंट्री आणि रिदम अँड ब्लूज अशा लोकप्रियतेच्या तिन्ही याद्यांत वर चढलं. २२ मार्च १९५६ला टीव्हीच्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना डेलावेअरमध्ये डोव्हरजवळ पर्किन्स मंडळींची गाडी ट्रकवर आदळली. कार्ल इस्पितळात, ‘जे’ नावाच्या भावाच्या मानेचं हाड मोडलेलं, आणि टीव्हीवर तेच गाणं एल्विस प्रेस्ली गातोय. एल्विसने ते पळवलं असं सर्रास सांगतात, ते काही खरं नाही. त्याने ते जानेवारीतच रेकॉर्ड केलं होतं, आणि पॉपच्या यादीत पर्किन्सची तबकडी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, एल्विसची विसाव्यापर्यंत. तरी आज दहाजणांना विचारा, नऊजण म्हणतील, गाणं एल्विसचं. इथे लिहा खुशाल, ‘एल्विसने पर्किन्सला मागे सोडलं’.

आता ‘वारसा’. वारस हा शब्द अरबी ‘वारिस’वरून आला. त्याच्याबरोबरची क्रियापदं बघा: वारसा मिळतो, लाभतो, सांगितला जातो, चालवला जातो. सगळी घेणाऱ्याच्या अंगणातली. देणाऱ्याच्या बाजूने बोलायचं तर मराठी माणूस ‘ठेवणे’कडे वळतो: म्हातारा चार एकर ठेवून गेला. त्यातूनच ‘ठेवा’. गाणी हा ठेवा, आणि ती पुढे ज्याने गायली त्याला लाभला तो वारसा. वाक्याचा कर्ता पर्किन्स असेल तर ‘ठेवा’ घ्या, पुढची पिढी असेल तर ‘वारसा’.

रक्ताचाच वारसा म्हणाल तर स्टॅन आणि ग्रेग ही त्याची मुलं त्याच्याच बँडमध्ये ड्रम आणि बास वाजवत. पण खुद्द कार्लला काय मिळालं होतं? टेनेसीत १९३२चा जन्म, आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे (आपल्याकडे कुणी अर्धेली म्हणतं, कुणी बटई, तुमच्या लेखात ‘शेअरक्रॉपर’ आहे, तेही बदला). पोरगा कापूस वेचायचा. त्याच शेतात राबणाऱ्या जॉन वेस्टब्रुक नावाच्या वयस्क कृष्णवर्णीय मजुराने त्याला गिटारचे धडे दिले. तार तुटली तर नवी घ्यायला पैसे नसत, म्हणून तो तिला गाठ मारायचा. सूर बदलताना बोट घसरवलं की गाठ बोटाला कापायची. मग घसरवायचं सोडून त्याने तार जागच्या जागी खेचून सूर वर चढवायला सुरुवात केली. सतारवाले याला मींड म्हणतील. पुढे जगभरच्या पोरांनी त्याच्या तबकड्या ऐकून जे उचललं त्यातला एक तुकडा त्या गाठीतून निघालेला आहे. याला ‘वारसा’ म्हणताना मी क्षणभर थबकतो, कारण वेस्टब्रुक काही त्याच्या कुळातला नव्हता. पण मराठीने हा शब्द कधीच सातबाऱ्यातून बाहेर काढला आहे. गुरूचा वारसा शिष्य चालवतो, त्याला कुणी हरकत घेत नाही.

संपादकांच्या ‘वसा’लाही जागा आहे, फक्त या वाक्यात नाही. श्रावणातल्या कहाण्या आठवा: ‘मला तुझा वसा सांग’ म्हटलं की समोरून आधी संशय येतो, ‘उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील.’ म्हणजे वसा मागून घ्यावा लागतो आणि मग पाळावा लागतो. वारसा आपसूक पदरात पडू शकतो, वसा नाही. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनकडे बघा. १९६०मध्ये बीटल्स अजून कुणीच नव्हते, तेव्हा स्कॉटलंडच्या दौऱ्यासाठी त्याने स्वतःचं नाव ‘कार्ल हॅरिसन’ ठेवलं. १९६४मध्ये बीटल्सनी पर्किन्सची तीन गाणी रेकॉर्ड केली. ‘मॅचबॉक्स’च्या वेळी तर पर्किन्स स्वतः लंडनच्या स्टुडिओत हजर होता. जानेवारी १९९८मध्ये पर्किन्स गेला, तेव्हा टेनेसीतल्या जॅक्सन गावी त्याच्या अंत्यविधीत हॅरिसनने त्याचंच एक गाणं म्हटलं. हा वसा. पर्किन्सने वसा ‘दिला’ असं मात्र लिहू नका, हॅरिसनने घेतला असं लिहा.

‘ठसा’ही सुचवता येईल, पण तो हल्ली इतक्या जणांनी इतक्या ठिकाणी उमटवला आहे की मला शाईच दिसेनाशी झाली आहे.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: ‘पर्किन्सने मोजक्याच गाण्यांचा ठेवा ठेवला, पण त्याचा वारसा बीटल्सपर्यंत सगळे सांगतात.’

राहिला ‘स्वेड’. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ स्वीडन, म्हणजे तिकडचं मऊ लवदार कातडं. इंग्रजी स्पेलिंग बघून ‘सुएड’ लिहायचा मोह होतो, पण उच्चार ‘स्वेड’, तेव्हा तेच लिहा. नाचताना एक पोरगा सोबतच्या मुलीला, माझ्या बुटांवर पाय देऊ नकोस, असं दटावत होता, ते पर्किन्सने पाहिलं. त्या रात्री झोपेतून उठून त्याने बटाट्यांच्या रिकाम्या कागदी पिशवीवर गाणं लिहून काढलं. या शब्दाचं स्पेलिंग त्याला येत नव्हतं. त्याने कानाला ऐकू आलं तसं, एस-डब्ल्यू-ए-डी-ई, असं लिहिलं. तुमच्या ‘स्वेड’ला खुद्द कवीची संमती आहे.