सही करू की नको?

प्रश्न : ताई, बाबा जाऊन तीन महिने झाले. दादा म्हणतो जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही कर, तुझं लग्नात झालं की सगळं. नाही म्हटलं तर माहेर तुटेल अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : अगं, आधी पेन खाली ठेव! लग्नातला खर्च म्हणजे वाटणी, असं कायद्यात कुठेच नाही. 2005 पासून हिंदू वारसा कायद्यात मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित जमिनीत हिस्सेदार आहे, लग्न झालेलं असो नसो, आणि बाबा कधी गेले यावर ते अवलंबून नाही हेही सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगून टाकलंय. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दे, त्यात आईचं आणि तुझं नाव आलंय ना ते बघ (आईला तर सगळे विसरतातच), मग फेरफार होऊन सातबारावर चढतं. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करावं लागतं, साध्या कागदावर सही घेऊन भागत नाही, म्हणून 'नुसती सही आहे गं' म्हणत तिथे नेलं तर आधी वाचून घे. नाव लागलं म्हणून लगेच वाटणी मागायलाच हवी असंही नाही, दादाला कसू दे की. पण भाऊबीजेच्या ओवाळणीत साडी आणि सातबारातून नाव गायब, हे मला तरी पटत नाही बाई.