वाचकांचे प्रश्न: अँफील्डचं तिकीट घ्यायचं कुठून?

प्रश्न : ताई, माझी मुलगी शाळेपासून फुटबॉल खेळते आणि लिव्हरपूल या इंग्लिश क्लबची कट्टर चाहती आहे. एप्रिलमध्ये तिला त्यांच्या अँफील्ड मैदानावर सामना दाखवायचा विचार आहे. ओळखीतला एक जण तिप्पट किमतीत दोन तिकिटं देतो म्हणतो. पैसे आत्ताच मागतोय. देऊ का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, एक रुपयाही देऊ नका. इंग्लंडमध्ये क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलची तिकिटं विकणं हा १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. तिकीट फोनवर येतं, सभासदाच्या नावाने. दाराशी अडवलं, तर पोरगी हजारो मैल जाऊन बाहेर उभी राहील.

सरळ रस्ता क्लबच्या सभासदत्वाचा. ते घेतलं की तिकिटांच्या सोडतीत नाव घालता येतं. नंबर लागेलच असं नाही, कारण अँफील्डवर जागा साधारण ६१ हजार आणि मागणी जगभरातून. क्लबकडूनच जेवणासकट मिळणारी महागडी तिकिटंही असतात. परवडत असतील तर घ्या, त्यात फसवणूक नाही.

विमानाचं तिकीट मात्र सामन्याच्या आदल्या दिवशीचं काढू नका. वेळापत्रक जूनमध्ये लागतं खरं, पण टीव्हीसाठी शनिवारचा सामना रविवारी, कधी सोमवारी रात्री जातो. मागेपुढे तीन-चार दिवस मोकळे ठेवा. शनिवारी दुपारी तीनचे सामने तिथे टीव्हीवर थेट दाखवतच नाहीत. लोकांनी घरी न बसता मैदानात यावं, छोट्या क्लबांची तिकीटखिडकी चालावी, म्हणून. आपण नागपुरात रात्री साडेसात-साडेआठला जो सामना घरी बसून बघतो, तो त्यांना घरी दिसत नाही!

आणि त्या छोट्या क्लबांसाठीच मी तुम्हाला आग्रह करते. लिव्हरपूल शहराच्या लाइम स्ट्रीट स्टेशनवरून लोकल पकडली की मर्सी नदीच्या खालून बर्कनहेडला पोचता. तिथे ट्रॅनमिअर रोव्हर्सचं प्रेंटन पार्क. तिकीट सहज मिळतं. खेळाडू एकमेकांना ओरडून काय सांगतात ते ऐकू येतं, आणि शेजारचे आजोबा तुमच्या मुलीला अख्ख्या संघाची कुंडली सांगतील. कामठीच्या मैदानावर रब्बानी क्लबचा सामना ज्याने कडेला उभं राहून पाहिलाय, त्याला तिथे परकं वाटणारच नाही.

मुलगी स्वतः खेळते, तर गुडिसन पार्क चुकवू नका. १८९२ चं हे मैदान एव्हर्टन या लिव्हरपूल शहरातल्याच दुसऱ्या क्लबच्या पुरुष संघाने २०२५ मध्ये सोडलं. आता तिथे एव्हर्टनच्या मुली खेळतात. तिथून स्टॅनली पार्क ओलांडलं की समोर अँफील्ड. मी पायीच गेले होते. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत जीव गेलेल्या लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांची नावं तिथे कोरलेली आहेत. लोक पुढ्यात मफलर बांधतात, फुलं ठेवतात. शेवटचा माणूस २०२१ मध्ये गेला, त्या दुखापतींमुळेच. मुलीला ती नावं सावकाश वाचू द्या, घाई करू नका.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी सामन्याचं तिकीट हातात असावं लागत नाही. जाडजूड जॅकेट मात्र घ्या. आपल्याकडे एप्रिलात पारा चाळिशीपार असतो, तिथे संध्याकाळी बोटं गारठतात.